मराठी संमतिपत्र कोण वाचतं? एथिक्स कमिट्यांच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये व रुग्णालये यांच्या एथिक्स कमिट्यांचे सर्व सदस्य

सदस्यहो, सप्रेम नमस्कार.

नव्या औषधाच्या चाचणीचा प्रस्ताव तुमच्यासमोर येतो तेव्हा इंग्रजी प्रोटोकॉलवर, म्हणजे चाचणीच्या सविस्तर आराखड्यावर, चर्चा होते. नमुना संख्या पुरेशी आहे का, डोस बरोबर आहे का, वगळण्याचे निकष काय, हे सगळं निघतं. मराठी संमतिपत्राची पाळी आली की मात्र ‘भाषांतराचा दाखला जोडला आहे’ एवढ्यावर ते मंजूर होतं. रुग्णाच्या हाती प्रोटोकॉल कधीच पडत नाही. त्याच्या हाती पडतात ती हीच दहा-पंधरा पानं, आणि तीच कुणी वाचलेली नसतात. हे पत्र त्या पानांबद्दल आहे.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण खरा घोळ तिथेच आहे. ‘चाचणी’ हा शब्द घ्या. डॉक्टरांच्या लेखी चाचणी म्हणजे प्रयोग. ओपीडीत बसलेल्या माणसाच्या लेखी चाचणी म्हणजे तपासणी: रक्ताची, थुंकीची, साखरेची. ‘आम्ही तुमच्यावर एक चाचणी करणार आहोत’ हे वाक्य त्याच्या कानी ‘तुमची तपासणी करणार आहोत’ असंच पडतं, आणि तपासणीला कोण नाही म्हणेल? त्यामुळे पहिल्याच परिच्छेदात ‘हा प्रयोग आहे, या औषधाने तुम्हाला गुण येईलच असे नाही’ असं सरळ यायला हवं. प्रयोग हा शब्द ऐकून रुग्ण बिचकतात म्हणून तो टाळतात, असं कारण सांगितलं जातं. बिचकून जो प्रश्न विचारला जातो, तोच विचारला जावा यासाठी तर संमतिपत्र आहे.

‘नियंत्रण गट’ त्याहून घातक. मधुमेहाच्या रुग्णाला गेली दहा वर्षं एकच वाक्य ऐकवलं जातंय: साखर नियंत्रणात ठेवा. त्याला सांगितलं की तुम्ही नियंत्रण गटात आहात, तर तो खूश होऊन घरी जाईल. ‘तुलनेसाठीचा गट, ज्याला नवे औषध मिळणार नाही’ असं लिहिलं की गैरसमजाला जागा राहत नाही. ‘दुहेरी अंध’ डोळ्यांच्या रुग्णांपुढे ठेवण्याआधी क्षणभर थांबून विचार करावा. ‘कोणाला कोणती गोळी मिळते हे तुम्हालाही माहीत नसेल आणि डॉक्टरांनाही’ हे वाक्य लांब आहे, पण मराठी आहे. ‘विषयाने येथे सही करावी’ हे ‘सब्जेक्ट’ या इंग्रजी शब्दाचं कोशातून काढलेलं कलेवर आहे. ‘यादृच्छिक’ हा शब्द एमएस्सी झालेल्यांनाही अडतो. त्याऐवजी ‘चिठ्ठी टाकावी तसे संगणक ठरवेल, दर तिघांपैकी दोघांना नवे औषध, एकाला औषध नसलेली गोळी’ असं लिहा. यातला दोनास एकसारखा आकडा सांगणं तर नियमानेच बंधनकारक आहे. कुठल्या गटात जाण्याची शक्यता किती, हे संमतिपत्रासोबतच्या माहितीपत्रकात सांगावंच लागतं. औषध नसलेल्या गोळीचा (प्लॅसिबोचा) उपचार म्हणून काही परिणाम होणार नाही, हेही स्पष्ट लिहावं लागतं. अनेक मराठी मसुद्यांत त्या जागी ‘छद्म औषध’ एवढंच असतं. वाचणाऱ्याला त्यातलं ‘औषध’ तेवढं समजतं.

‘माघार घेणे’ बदला. आपल्याकडे माघार हरलेला घेतो. ‘तुम्ही कधीही, कारण न सांगता, यातून बाहेर पडू शकता, तुमचे इथले नेहमीचे उपचार चालूच राहतील’ असं लिहा. दुसरा अर्धा भाग गाळू नका. सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाची खरी भीती तीच असते की नाही म्हटलं तर पुढच्या वेळी केसपेपर काढून देतील की नाही. आकड्यांचंही तसंच. ‘क्वचित’ म्हणजे किती? शंभरात एक की दहा हजारांत एक? ‘शंभर जणांनी घेतले तर सुमारे पाच जणांना उलट्या होतात’ असंच लिहिलं पाहिजे. पाच मिलिलिटर रक्त म्हणजे एक चहाचा चमचा. सहा भेटींत मिळून किती चमचे, याची बेरीजही करून द्या. मोबदला, प्रवासखर्च आणि नुकसानभरपाई हे तीन वेगळे पैसे आहेत. एकाच शब्दाखाली ते येऊ देऊ नका.

उलट भाषांतराचा दाखला असतो ना, असं कुणी म्हणेल. मराठीचं पुन्हा इंग्रजी करून मूळ मजकुराशी ताडून पाहायचं, ही ती पद्धत. तिच्यातली गोम अशी की ‘यादृच्छिक’ आणि ‘दुहेरी अंध’ हेच शब्द इंग्रजीत सर्वांत अचूक परततात. मजकूर जितका कोशातला, तितका दाखला स्वच्छ. सोप्या मराठीत लिहिलेलं वाक्य परतताना थोडं सैल होतं आणि प्रायोजकाचा, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीचा किंवा संस्थेचा, माणूस त्यावर लाल खूण करतो. म्हणजे ही तपासणी चांगल्या मराठीला शिक्षा करते. तिला पूरक म्हणून एक साधं काम करा. मसुदा मंजूर करण्याआधी रुग्णालयाशी संबंध नसलेल्या, त्या भागात राहणाऱ्या चार-पाच जणांना तो वाचून दाखवा आणि प्रत्येक परिच्छेदानंतर ‘यात काय सांगितलंय?’ एवढंच विचारा. जिथे दोघे अडखळले तो परिच्छेद पुन्हा लिहायचा. यात एक सकाळ जाते, जास्त नाही.

शिवाय मराठी ही सगळ्यांचीच भाषा नाही. धडगावची भिली बोलणारी बाई किंवा भामरागडची गोंडी-माडिया बोलणारी बाई यांना प्रमाण मराठीतलं संमतिपत्र देणं म्हणजे आपल्याला कोर्टाची फारसी देण्यासारखं आहे. तिथे छापील कागदापेक्षा त्या भाषेत ठरवून तयार केलेला, कमिटीने ऐकून मंजूर केलेला तोंडी मजकूर आणि त्याचं ध्वनिमुद्रण जास्त उपयोगी. कागद हवाच, पण तो त्या मजकुराच्या मागून यावा.

आवृत्ती क्रमांक हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत धोकादायक भाग. चाचणी सुरू झाल्यावर यकृताला होणारा नवा अपाय लक्षात येतो, इंग्रजी संमतिपत्र दुरुस्त होऊन आवृत्ती ३ येते, कमिटी मंजुरी देते. मराठी भाषांतराला सहा आठवडे लागतात. त्या सहा आठवड्यांत आलेले रुग्ण मराठी आवृत्ती २ वर सही करतात, तिच्यात यकृताचा उल्लेखच नसतो. कागदोपत्री सगळं नीट असतं, कारण दोन्ही आवृत्त्या ‘मंजूर’ असतात. इंग्रजीच्या मंजुरीपत्रात एक ओळ घाला: मराठी व इतर भाषांतील आवृत्त्या मंजूर होईपर्यंत नवीन सहभागी घेऊ नयेत, आणि आधीच्यांना नवी माहिती देऊन पुन्हा संमती घ्यावी.

आता सह्यांकडे वळू. २००९ साली खम्मम जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही या, गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. पाथ ही अमेरिकी संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद त्यात होती. सात मुली मरण पावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशी समितीला मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, त्यांत सर्पदंश आणि विहिरीत बुडणं अशीही कारणं होती. पण संमतिपत्रं तपासल्यावर जे निघालं ते लसीच्या गुणावगुणांपलीकडचं होतं. आंध्रातल्या ९,५४३ पत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, १,९४८ वर अंगठे होते. २०१३ साली संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या ७२व्या अहवालात या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले. ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ असं नाव दिलं तरी ही औषधचाचणीच होती, असंही तिने म्हटलं.

हे आपल्यापासून दूरचं नाही. नंदुरबार, पालघर, गडचिरोली इथल्या आश्रमशाळांत संशोधनाचे प्रस्ताव येतात आणि ‘पालक दूर राहतात’ हे कारण प्रत्येक प्रस्तावात असतं. वॉर्डन मुलांना सांभाळतो म्हणून तो कायदेशीर पालक होत नाही. पालक दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीआधी मुलांना न्यायला येतात, पालकसभेला येतात. वेळापत्रक त्या दिवसांभोवती आखा. ते जमत नसेल तर ते संशोधन तिथे करू नका. मुलांची स्वतःची होकारार्थी मान्यताही घ्यायची असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयात ती तोंडी आणि १२ ते १८ वयात लेखी घेतात. बारा वर्षांच्या मुलासाठी बापाच्याच माहितीपत्रकाची झेरॉक्स चालत नाही, वेगळा सोपा मजकूर लागतो.

अंगठा घेतला तर निःपक्षपाती साक्षीदार पूर्णवेळ हजर हवा. म्हणजे मजकूर वाचून दाखवताना हवा, अंगठा उमटवताना नुसता बोलावून आणलेला नको. वॉर्डबॉय, त्याच विभागातली परिचारिका, संशोधन समन्वयकाचा भाऊ हे निःपक्षपाती नव्हेत. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा नातेवाईक हा बहुतेक वेळा सर्वांत सोयीचा साक्षीदार असतो. एकाच माणसाची सही एका चाचणीच्या तीस पत्रांवर दिसली तर तो साक्षीदार नाही, पगारी सही आहे. आणि ‘समजलं ना?’ असा प्रश्न विचारण्यावर बंदीच घाला. त्याला एकच उत्तर असतं: ‘हो डॉक्टरसाहेब.’ त्याऐवजी ‘मावशी, घरी गेल्यावर लेकाला काय सांगाल, इथे काय होणार म्हणून?’ असं विचारलं की दोन मिनिटांत कळतं, काय पोचलं आणि काय नाही. ते उत्तर तिच्याच शब्दांत फाइलमध्ये लिहून ठेवा.

नव्या रेणूच्या, म्हणजे पूर्वी औषध म्हणून न वापरलेल्या द्रव्याच्या, चाचणीत दुर्बल गटातल्या सहभागींची संमती घेताना चित्रीकरण सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांना फक्त ध्वनिमुद्रण चालतं. नियम चांगला आहे, पण कॅमेरा सहीच्या क्षणी सुरू होतो आणि दोन मिनिटांत बंद होतो. अशा फितीत माहिती देणं, प्रश्न, शंका यांतलं काहीच नसतं. तुमच्यापैकी एकाने, शक्यतो सामान्य नागरिक सदस्याने, दर तीन महिन्यांनी कोणत्याही तीन फिती पूर्ण पाहाव्यात. डॉक्टर नसलेल्याला त्यात जे खटकतं ते सहसा खरोखरच खटकण्याजोगं असतं.

आता तुलनेच्या गटाबद्दल, आणि इथे आम्हाला जरा रेंगाळावं लागेल, कारण हा प्रश्न महाराष्ट्राच्या मातीतला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवरच्या जगातल्या दोन मोठ्या चाचण्या आपल्याकडे झाल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांवर अभ्यास केला. ७५,३६० स्त्रियांची दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी झाली: गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिडचं सौम्य द्रावण लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरे डाग दिसतात का ते पाहायचं. दुसऱ्या बाजूच्या ७६,१७८ स्त्रियांना कर्करोगाची माहिती दिली गेली, तपासणी नाही. २०१३ साली निकाल जाहीर झाला, तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमार्फत झालेल्या चाचणीत १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत होत्या. २००९ साली आलेल्या निकालात एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांत ३४ मृत्यू, आणि तुलनेच्या गटात ३१,४८८ स्त्रियांत ६४.

आक्षेप उघड आहे. पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) १९४० च्या दशकापासून माहीत होती, श्रीमंत देशांत तिने मृत्यू कमी केले होते. मग हजारो बायकांना वर्षानुवर्षं तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू का मोजायचे? संशोधकांचं उत्तर असं की भारतात तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रमच नव्हता, पॅपसाठी लागणाऱ्या प्रयोगशाळा गावोगावी उभ्या राहणार नव्हत्या, आणि आरोग्यसेविकेला जमेल अशी स्वस्त पद्धत खरंच जीव वाचवते का, हे कुणालाच माहीत नव्हतं. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी आली, तिचा पाया याच प्रकारचा पुरावा आहे.

आमचं मत असं: ‘इथे काहीच मिळत नाही, म्हणून काहीच दिलं नाही’ हा युक्तिवाद कमिटीने एका अटीवरच स्वीकारावा. तुलनेच्या गटातल्या बाईला तिच्या भाषेत हे सांगितलेलं असलं पाहिजे की असा कर्करोग आधी ओळखणारी तपासणी आज अस्तित्वात आहे, अमुक रुग्णालयात ती होते, खर्च इतका, आणि या अभ्यासात ती तुम्हाला मिळणार नाही. पर्यायी उपचार सांगण्याचं कलम आजच्या नियमांत आहेच. ‘कर्करोगाविषयी आरोग्य-शिक्षण’ हे त्याची जागा घेऊ शकत नाही. आणि अशी चाचणी पंधरा वर्षं चालणार असेल तर वार्षिक आढावा एका पानाच्या फॉर्मवर होता कामा नये. कोणता फरक दिसला की चाचणी थांबवायची, तो आकडा पहिल्याच दिवशी प्रोटोकॉलमध्ये हवा. निकाल लागल्यावर तुलनेच्या गटाला तपासणी कोण, कधी, कुणाच्या पैशाने देणार हेही लिखित हवं. नंतर पाहू म्हटलं की नंतर अनुदान संपलेलं असतं.

नुकसानभरपाईच्या कलमावर सहसा कुणी चर्चा करत नाही, कारण ते वकिलांचं मानलं जातं. १९ मार्च २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत मृत्यूसाठीचं सूत्र आहे: ८ लाख गुणिले वयाचा गुणांक गुणिले जोखमीचा गुणांक, भागिले ९९.३७. चाळिशीचा वयाचा गुणांक १८४.१७. मध्यम जोखमीच्या आजाराचा गुणांक २ धरला तर रक्कम सुमारे २९ लाख ६५ हजार. तोच माणूस निरोगी स्वयंसेवक असेल तर गुणांक ४, रक्कम ५९ लाख ३० हजारांच्या घरात. सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नसलेल्या रुग्णाला ०.५, म्हणजे सुमारे ७ लाख ४१ हजार. वाद सगळा या जोखमीच्या गुणांकावर होतो, आणि त्यावर मत देणारे तुम्ही आहात. रुग्ण भरती झाला त्या दिवशीची त्याची स्थिती फाइलमध्ये नीट लिहिलेली नसेल तर मृत्यूनंतर ‘आधीच फार आजारी होता’ असं म्हणणं सोपं जातं. म्हणून भरतीच्या दिवशीच जोखमीचा वर्ग लिहून घेण्याची अट घाला.

संमतिपत्रात मात्र एवढंच असतं: ‘नियमानुसार नुकसानभरपाई मिळेल.’ काही मसुद्यांत प्रायोजक हळूच जोडतो, ‘अपाय अभ्यासाच्या औषधामुळेच झाल्याचे सिद्ध झाल्यास’. नियम त्याहून रुंद आहे. प्रोटोकॉल मोडल्याने किंवा हलगर्जीपणाने झालेली इजा, प्रमाणित उपचार उपलब्ध असताना प्लॅसिबो दिल्याने झालेली इजा, चाचणीसाठी केलेल्या एखाद्या प्रक्रियेची इजा, आई किंवा बाप चाचणीत असल्यामुळे पोटातल्या बाळाला झालेली इजा, हे सारं त्यात येतं. ते मराठीत, एकेका ओळीत, आलं पाहिजे. वारसाच्या नावाचा रकानाही पाहा. व्यवसाय, उत्पन्न, वारसाचं नाव, पत्ता आणि नातं हे संमतिपत्राच्या विहित नमुन्यात आहे. तो रकाना रिकामा राहिला की मृत्यूनंतर बायको, भाऊ आणि दाखल्यांची रांग असा खेळ सुरू होतो.

वेळेचे आकडे भिंतीवर लावा. गंभीर अपाय झाला की संशोधकाने २४ तासांत कमिटीला, प्रायोजकाला आणि केंद्रीय परवाना अधिकाऱ्याला कळवायचं. प्रायोजकाचा विश्लेषणासह अहवाल १४ दिवसांत. तुमचा, भरपाईच्या मतासह, ३० दिवसांत. दोन महिन्यांनी एकदा बैठक घेणारी कमिटी हे गणित पाळूच शकत नाही. त्यासाठी वेगळी छोटी उपसमिती लागते.

प्रत्यक्ष पाहणीला गेलात तर एक गोष्ट जरूर करा. दहा फाइली मागवा. संमतिपत्रावरची वेळ आणि पहिल्या रक्तनमुन्याची प्रयोगशाळेतली वेळ शेजारी ठेवा. नमुना ९.१० चा आणि सही ११.३० ची असेल तर संमती घेतली गेली नाही, उरकली गेली. रुग्णाच्या सहीशेजारची तारीख रुग्णाच्याच अक्षरात आहे का, की सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच वळणाच्या आहेत, तेही दिसेल. सहीची प्रत रुग्णाला मिळाली का, हे त्याच्या घरी फोन करून विचारा. ती द्यावी लागते, पण अनेकदा दोन्ही प्रती फाइलमध्येच सापडतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे प्रस्ताव डझनावारी एकाच बैठकीत येतात, तेव्हा यातलं सगळं जमणार नाही, हे कळतं. तिथे निदान गेल्या वर्षीच्या सीनियरच्या संमतिपत्रातलं आजाराचं नाव बदलायचं राहिलेलं नाही ना, एवढं तरी कुणी पाहावं.

शेवटची गोष्ट फोनची. संशोधकाचा आणि कमिटीच्या अध्यक्षांचा नंबर संमतिपत्रावर छापणं सक्तीचं आहे. बहुतेक ठिकाणी तो कार्यालयाचा लँडलाइन असतो, दहा ते पाच चालणारा, रविवारी बंद. नव्या औषधाची पुरळ आणि धाप रात्री येते. येत्या शनिवारी रात्री अकरा वाजता तुमच्या संस्थेच्या मंजूर संमतिपत्रावरचे दोन्ही नंबर लावून पाहा, आणि फोन कुणी उचलला, काय सांगितलं, ते पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवा.

आपले,
संमतिपत्रांचे भाषांतर व तपासणी करणारे काही जण